शिकलेले हात, अपुरे हात

आषाढात आजरा तालुक्याच्या पश्चिमेला पाऊस लागला की चार-चार दिवस ऊन पडत नाही. ओढे भरून वाहतात, वाड्यावस्त्यांच्या वाटा निसरड्या होतात, मोबाइलची रेंज येते-जाते. अशा दिवसांत धनगरवाड्यावरच्या एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या किंवा भाताच्या रोपलावणीत कुणाच्या पायाला साप डसला, तर तिथवर सर्वांत आधी पोहोचते ती गावातली आशाताई. मग उपकेंद्रातली आरोग्यसेविका, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, मग आजऱ्याचे ग्रामीण रुग्णालय. तिथून पुढे वीस-बावीस किलोमीटरवर गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथेही भागले नाही तर ऐंशी किलोमीटरच्या आसपास असलेले कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय, नाहीतर संकेश्वरमार्गे बेळगाव. इमारत आणि यंत्रे लागतातच. पण त्या घटकेला समोर उभ्या असलेल्या माणसाला काय येते, आणि जे येते ते करायला त्याचे हात मोकळे आहेत का, यावर बहुतेक वेळा सगळे ठरते.

आरोग्य खात्यात प्रशिक्षणांचा तुटवडा नाही. बाळंतपण, नवजात बाळ, लसीकरण, क्षयरोग, मधुमेह आणि रक्तदाब, जैववैद्यकीय कचरा, नवे ॲप अशा प्रत्येक विषयाचे ट्रेनिंग निघते. कोल्हापुरात आरोग्य व कुटुंब कल्याण प्रशिक्षण केंद्र आहे, जिल्हा आणि तालुका पातळीवर सत्रे होतात, करोनाच्या साथीपासून ऑनलाइन वर्गांचीही भर पडली आहे. प्रश्न आहे तो यातले किती रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचते याचा. महाराष्ट्रात आणि शेजारच्या बेळगावात या प्रश्नावर जगाने दखल घ्यावी असे काम झाले आहे. ते एकत्र वाचले की एक गोष्ट ठळकपणे दिसते: काम जिथे चालते तिथेच, थोडेथोडे, पुन्हा पुन्हा आणि पाठीशी कुणीतरी उभे राहून झालेले प्रशिक्षण टिकते, माणसे उचलून दूरच्या सभागृहात बसवली की त्यातले फार थोडे उरते.

माणूस उचलण्याची किंमतही छोट्या ठिकाणी जास्त पडते. हिशेब साधा आहे. वॉर्डातली एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याला २१ पाळ्या लागतात. एक सिस्टर आठवड्याला सहा पाळ्या करते. म्हणजे एका जागेला साडेतीन जणी, आणि रजा-आजारपण धरले तर चार. ग्रामीण रुग्णालय सरकारी चौकटीत ३० खाटांचे असते. तिथे वॉर्ड, लेबर रूम आणि तातडीचे उपचार एवढ्या तीनच जागा धरल्या तरी बारा जणींचे काम होते. मंजूर पदे सहसा त्याहून कमी, आणि भरलेली पदे त्याहूनही कमी. अशा ठिकाणाहून एकीला तीन दिवस कोल्हापूरला पाठवले की मागे राहिलेल्यांना डबल ड्युटी पडते. त्यामुळे अनेकदा जिला सोडणे सोपे तिचे नाव यादीत जाते, आणि जिला त्या ट्रेनिंगची खरी गरज ती रात्रपाळीत अडकलेली असते.

प्रशिक्षणाचा उपयोग ठरवायचा तर दवाखान्यात काम किती झाले हे कसे मोजायचे, हाही वादाचा मुद्दा आहे. ओपीडीत दिवसाला दीडशे केसपेपर निघाले म्हणजे काम जोरात झाले असे म्हणण्याची सवय सगळ्यांनाच आहे. २०१७ मध्ये ६७ देशांतली माहिती एकत्र करून झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की डॉक्टर एका रुग्णाला स्वीडनमध्ये सरासरी बावीस मिनिटे देतात आणि भारतात जेमतेम दोन. दोन मिनिटांत तपासलेला रुग्ण चार दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत आला तर केसपेपर दोन निघतात, काम मात्र एकही झालेले नसते. घाईने रेफर केलेली बाई, चुकीच्या निदानावर दिलेले प्रतिजैविक, जखमेत झालेला जंतुसंसर्ग हे सगळे आकड्यांत ‘काम’ म्हणूनच जमा होते.

काम खरोखर वाढवता येते, आणि तेही दर्जा राखून, हे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने दाखवले. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केले. खेड्यापाड्यांतल्या बारावी झालेल्या मुली निवडायच्या, त्यांना दोन वर्षे शिकवायचे आणि डोळ्यांचे मोजमाप, शस्त्रक्रियेची तयारी, नातेवाइकांशी बोलणे ही सगळी कामे त्यांच्याकडे सोपवायची, अशी ती पद्धत. सर्जनने फक्त शस्त्रक्रिया करायची. तिथला सर्जन वर्षाला दोन हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया करतो, देशातल्या सर्वसाधारण सर्जनच्या कितीतरी पट. तो इतरांपेक्षा वेगाने हात चालवतो म्हणून हे होत नाही. त्याच्या भोवतीच्या प्रत्येकीला आपले काम पक्के येते म्हणून होते.

महाराष्ट्रात ही जाण त्याहूनही जुनी आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला गेले तेव्हा तो दुष्काळी मुलूख होता. गावाने निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केले. त्यातल्या बऱ्याच जणी निरक्षर, बऱ्याच दलित वस्तीतल्या. आरोळे दांपत्याच्या कामात लोकांच्या फारशी ध्यानात न आलेली एक गोष्ट म्हणजे त्यांचे प्रशिक्षण कधी ‘पूर्ण’ झालेच नाही. या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, आठवड्यात गावात काय घडले ते एकमेकींना सांगायच्या आणि त्यातूनच पुढचा धडा निघायचा. मधल्या दिवसांत केंद्रातले पथक गावात जायचे आणि त्यांच्यासोबत घरे फिरायचे. वर्षानुवर्षे हे चालू राहिले. १९७१ मध्ये त्या भागात हजारी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे प्रमाण तीसच्या खाली आले होते. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने हाच विचार आणखी कठीण कसोटीला लावला. नवजात बाळाला जंतुदोष झाला आहे हे गावातल्या आरोग्यदूत बाईला ओळखता येईल का, आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन तिला देता येईल का? डॉक्टरांच्या जगात हा प्रश्नच धाडसाचा होता. ३९ गावांत काम झाले, तुलनेसाठी शेजारची गावे होती. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशभर आशांकडे सोपवला.

आज आजऱ्याची आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते ती या परंपरेतून. तिच्याकडे थर्मामीटर, वजनकाटा आणि घड्याळ असते. बाळाचे श्वास मोजणे ऐकायला सोपे वाटते. बाळ शांत असले पाहिजे, दूध पीत किंवा रडत असताना मोजून उपयोग नाही. अंगावरचा कपडा वर करून पोटाच्या हालचालीवर नजर ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले की चुकते, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच भरभर चालतो. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर ती धोक्याची खूण. बाहेर सासू चहाचा आग्रह करत असते, वहीत अजून चार घरे बाकी असतात, आणि त्या मिनिटात डोळा हलू द्यायचा नसतो. हे पुस्तक वाचून येत नाही. कुणीतरी शेजारी बसून ‘आता तू मोज, मग मी मोजते’ असे आठ-दहा बाळांवर करून घेतले की येते. ते करून घेण्याची जबाबदारी गटप्रवर्तकांवर आहे. वीस-पंचवीस आशांमागे एक गटप्रवर्तक, आणि अहवाल गोळा करण्यातच तिचे दिवस संपतात, ही राज्यभरातली त्यांची जुनी तक्रार आहे. या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची शिक्षिका कागद वाहण्यात खर्ची पडते, याची खंत वाटल्याखेरीज राहत नाही.

आजऱ्याला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र बेळगावचे आहे. आजरा, गडहिंग्लज, चंदगडचे कितीतरी रुग्ण आजही तिथल्या केएलई रुग्णालयाची वाट धरतात. त्याच संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक चाचणी घेतली. बाळंतपणानंतर रक्त थांबावे म्हणून दिले जाणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन थंड ठेवावे लागते. तेव्हा खेड्यात विजेचा भरवसा नव्हता, फ्रिज नव्हते. त्याऐवजी उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेने (एएनएम) मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर? १,६२० बाळंतिणींपैकी निम्म्यांना औषधाच्या, निम्म्यांना औषध नसलेल्या दिसायला तशाच गोळ्या दिल्या गेल्या. पहिल्या गटात रक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के राहिले, दुसऱ्यात १२ टक्के. एएनएम हे काम करू शकते, हे त्याने सिद्ध झाले.

त्या चाचणीत वापरलेली एक वस्तू फार साधी होती. बाळंतिणीच्या खाली पसरायचा प्लास्टिकचा पट्टा, त्याचे टोक निमुळत्या पिशवीसारखे, आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. बाळ बाहेर आले की तो पसरायचा. रक्त पिशवीत उतरते आणि किती गेले ते खुणेवर दिसते. याआधी सगळा कारभार अंदाजाचा. ‘दोन कपडे भिजले’, ‘फार नाही गेले’ असे सांगितले जायचे. डोळ्याचा अंदाज कमीच भरतो, आणि अनुभवी सिस्टरचाही भरतो, कारण रक्त चादरीत, गादीत, फरशीवर विखुरलेले असते. खूण ५०० वर पोहोचली की कुणाला विचारायची गरज राहत नाही.

जवळपास वीस वर्षांनी हीच कल्पना एका मोठ्या चाचणीत पुन्हा दिसली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांत खुणांचा पट्टा वापरला गेला, आणि खूण ओलांडताच काय काय एकदमच करायचे हे ठरवून दिले गेले: गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी. प्रशिक्षण त्यांच्याच रुग्णालयात, बाहुलीवर सराव करून झाले. दर महिन्याचे आकडे त्याच लोकांसमोर ठेवले गेले. प्रत्येक ठिकाणी एक जण पुढाकार घेणारी होती. रक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के होते, नव्या पद्धतीत ९३. गंभीर परिणाम ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बेळगावच्या खेड्यांत वापरलेल्या त्या पट्ट्याचे हे पुढचे पाऊल म्हणता येईल, आणि बेळगावपासून दोन-अडीच तासांवर असलेल्या प्रत्येक लेबर रूममध्ये तो पट्टा असायला हवा.

बेळगावने आणखी एक धडा दिला आणि तो जास्त अवघड आहे. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास द्यायचा, यासाठीचे ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हे प्रशिक्षण त्या भागातल्या ५९९ बाळंतपण करणाऱ्यांना दिले गेले. मृतजन्मांचे प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. याचा अर्थ असा की पूर्वी ‘मेलेलेच जन्मले’ म्हणून बाजूला ठेवली जाणारी काही बाळे जिवंत होती, त्यांना फक्त कुणीतरी श्वास द्यायला हवा होता. हे वाचून अंगावर काटा येतो. मात्र जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू त्या अभ्यासात कमी झाले नाहीत.

पुढे नागपूर, बेळगाव आणि केनियातल्या केंद्रांनी मिळून पाहिले की शिकलेले किती टिकते. तोंडी प्रश्नांची उत्तरे बरेच महिने पाठ राहिली. बॅग-मास्क वापरण्याचे हाताचे कौशल्य मात्र उतरत गेले, आणि उजळणी झाल्यावर परत आले. लेबर रूमच्या कोपऱ्यातल्या वॉर्मरपाशी उभे राहिले की याचे कारण कळते. बाळाच्या खांद्याखाली कापडाची छोटी घडी, मान किंचित मागे. जास्त मागे गेली तर श्वासमार्ग बंद होतो, पुढे झुकली तरी बंद होतो. मास्क हनुवटी, तोंड आणि नाक झाकेल असा, डोळ्यांवर न येता. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेल्या बोटांनी जबडा वर धरायचा, उजव्या हाताने बॅग दाबायची, मिनिटाला चाळीस ते साठ वेळा. छाती उचलली जात नसेल तर हवा कडेने निसटते आहे. मग मान पुन्हा बसवायची, मास्क पुन्हा बसवायचा. हे सगळे साठ सेकंदांच्या आत.

शंभरातल्या साधारण तीन ते सहा बाळांनाच बॅग-मास्क लागतो. कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयात अशी वेळ वारंवार येते, तिथे हात आपोआप तयार राहतात. महिन्याला दहा बाळंतपणे होणाऱ्या आरोग्य केंद्रात ती वेळ दोन-तीन महिन्यांतून एकदा येते, आणि त्या रात्री ड्युटीवर नेमकी कोण असेल ते सांगता येत नाही. म्हणजे दवाखाना जितका लहान तितकी सरावाची गरज मोठी. आपली व्यवस्था याच्या उलट चालते: सरावाच्या बाहुल्या आणि कौशल्य प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि जिथे हात आळसावतात तिथे भिंतीवरचा तक्ता.

तक्त्यांचा विषय निघालाच आहे तर अतुल गावंडे यांच्या कामाकडे वळावे लागते. बोस्टनच्या या सर्जनचे घराणे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. शस्त्रक्रियेपूर्वी वाचायच्या तपासणी-यादीच्या चाचणीचे नेतृत्व त्यांनी केले. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर बाळंतपणाची यादी घेऊन त्यांच्या संस्थेने उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांत, १२० केंद्रांत मोठी चाचणी केली. निम्म्या केंद्रांत मार्गदर्शक सिस्टर जाऊन कामाच्या जागीच आठ महिने सोबत करत होत्या. सोबत सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी आवश्यक गोष्टी करण्याचे प्रमाण तिथे ७३ टक्के झाले, इतर केंद्रांत ते ४२ होते. सोबत संपल्यानंतर, बाराव्या महिन्यात, ते ६२ वर उतरले. आणि माता-बालकांचे मृत्यू व गंभीर गुंतागुंत? दोन्ही गटांत सारखीच, पंधरा टक्क्यांच्या आसपास.

हा निकाल पुष्कळांना निराश करून गेला. पण तो लपवला गेला नाही, आणि म्हणूनच तो उपयोगाचा आहे. सिस्टरने हात धुतले, रक्तदाब मोजला, धोका वेळेत ओळखला. पुढे रक्त नाही, सिझेरियन करणारा सर्जन नाही, भूलतज्ज्ञ नाही, नेणारी गाडी वेळेवर नाही, तर ओळखण्याचा उपयोग किती? आजऱ्यात लेबर रूम कितीही तरबेज झाली तरी गडहिंग्लजला रात्री भूलतज्ज्ञ आहे की नाही यावर त्या बाईचे दैव अवलंबून राहते.

गरीब आणि मध्यम देशांतले तीनशेहून अधिक अभ्यास तपासून २०१८ मध्ये झालेला आढावाही याच बाजूचा आहे. नुसत्या प्रशिक्षणाने किंवा नुसत्या देखरेखीने कामात साधारण दहा ते सोळा टक्के-बिंदूंची सुधारणा होते, दोन्ही जोडल्यास अठराच्या आसपास. छापील माहितीपत्रके वाटल्याने जवळपास काहीच बदलत नाही. सगळ्यांनी बसून अडचण काय ते शोधायची आणि आपल्यापुरता उपाय ठरवायचा, अशा गटपद्धतीने याहूनही जास्त फरक पडल्याची उदाहरणे त्यात आहेत. जामखेडच्या आठवडी बैठकीत दुसरे काय होत होते?

डोंगरी तालुक्याला लागू पडणारे दुसरे उदाहरण घाटाखालचे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना विंचूदंशाने मरणारी मुले पाहिली, खाटेपाशी बसून लक्षणे टिपली आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी उपयोगी पडते हे दाखवून दिले. गंभीर विंचूदंशात शंभरात चाळीसपर्यंत जाणारे मृत्यू एक-दोनवर आले. शोध लागला म्हणून काम संपले नाही. कोकणातल्या आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांपर्यंत ते पोहोचवण्यात त्यांची पुढची वर्षे गेली. एक आजार, एक गोळी, ती कधी द्यायची याची पक्की खूण. असे नेमके शिक्षण लवकर रुजते.

सर्पदंशाबाबतही तसेच करता येते. राष्ट्रीय मार्गदर्शिकेत सांगितलेली वीस मिनिटांची चाचणी कुठल्याही आरोग्य केंद्रात होण्यासारखी आहे: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही, मग तिरकी करायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष अंगात आहे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. साबणाचा अंश राहिला तरी निकाल चुकतो. एवढे बारकावे माहीत नसले की चाचणी होते पण खोटे सांगते. प्रतिविषाची रिॲक्शन येईल या धास्तीने पहिला डोस न देताच रेफर करणे, हे अनेक ठिकाणी घडते. ॲड्रेनालिन भरून हाताशी ठेवायचे आणि रिॲक्शन कशी सांभाळायची, याचा सराव नसल्याचा तो परिणाम. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याची योजना केंद्राने मार्च २०२४ मध्ये जाहीर केली. तिचे यश भातलावणीच्या दिवसांत अशा केंद्रांत ठरणार आहे.

शिकलेले वापरायला वेळही हवा. युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांच्या अभ्यासात, २०१४ मध्ये, असे आढळले की एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आणि पदवीधर नर्सचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती ७ टक्क्यांनी घटते. शिक्षण आणि संख्या यांतले एक दुसऱ्याची जागा घेत नाही. आपल्याकडे हात अडकतात ते रजिस्टरांत. एकाच गरोदर बाईची नोंद वहीत, पोर्टलवर आणि पुन्हा ॲपवर करावी लागते, आणि रेंज नसेल तेव्हा घरी जाऊन रात्री. ॲप कसे भरायचे याचे जितके तास ट्रेनिंग होते तितके बॅग-मास्कचे होत नसेल, तर प्राधान्य कुठे चुकले ते उघड आहे. आशांना तर या कामाचा मोबदलाही झगडून मिळवावा लागला. आझाद मैदानावरच्या आंदोलनानंतर मार्च २०२४ मध्ये राज्याने त्यांच्या मानधनात महिना ५ हजारांची वाढ केली.

प्रशिक्षणाच्या यादीत ज्यांचे नाव क्वचित येते अशी माणसे म्हणजे वॉर्डातल्या मावशी, मामा आणि कंत्राटी सफाई कामगार. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी लाल पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात, फुटलेली काच निळ्या खोक्यात. हे चुकले तर सुई सर्वांत आधी मावशीलाच टोचते. आगीचेही तसेच. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागातले अकरा रुग्ण गेले. त्यानंतर फायर ऑडिटचे आदेश निघाले, पण रात्री दोन वाजता वीज गेल्यावर अंधारात कोणते बाळ कुणी उचलायचे याची रंगीत तालीम ही ऑडिटच्या कागदाहून वेगळी गोष्ट आहे, आणि त्या तालमीत मावशी आणि रखवालदार हवेतच.

तालुक्याच्या गावांतली खासगी रुग्णालये हा आणखी एक भाग. तिथे पाहून पाहून शिकलेल्या मुली बरेच काम सांभाळतात. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा ‘मान्यता’ हा कार्यक्रम खासगी प्रसूतिगृहांना बाळंतपणाचे १६ निकष शिकवतो आणि तपासतो. महाराष्ट्र सरकारने तो प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्याच्या केंद्राच्या ‘लक्ष्य’ योजनेशी जोडून घेतला. शहरांत त्याचा प्रसार झाला तितका आजऱ्यासारख्या ठिकाणी व्हायला हवा, कारण इथे सरकारी आणि खासगी दवाखान्यांत रुग्ण तोच असतो.

आजऱ्यात यातले पुष्कळ फार पैसा न लागता होण्यासारखे आहे. लेबर रूममध्ये एक बाहुली आणि सरावापुरती वेगळी बॅग कायमची ठेवावी आणि पाळी बदलताना दहा मिनिटे दोघींनी एकमेकींसमोर सराव करावा. जून लागण्याआधी तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांत सर्पदंशाची एक-एक तालीम व्हावी. महिन्यातून एकदा रेफर झालेल्या प्रत्येक बाईची आणि बाळाची हकीकत डॉक्टर, सिस्टर, मावशी, आशा आणि गाडीचा चालक यांनी एकत्र बसून बोलावी, दोष कुणाच्या माथी मारायचा नाही या अटीवर. ट्रेनिंगला गेलेल्या सिस्टरच्या जागी बदली सिस्टर जिल्ह्याने द्यावी. ती मिळत नसेल तर शिकवणारीनेच आजऱ्याला यावे. गडहिंग्लज किंवा सीपीआरच्या लेबर रूममधली एक सिस्टर आठवडाभर आजऱ्यात आणि आजऱ्याची तिकडे, अशी अदलाबदल वर्षातून दोनदा झाली तर आजऱ्याच्या सिस्टरच्या हाताखालून आठवड्यात इतकी बाळंतपणे जातील जितकी इथे महिनाभरात होत नाहीत. आणि तिकडून आलेल्या सिस्टरला कळेल की इथून निघालेल्या गाडीला पोहोचायला किती वेळ लागतो, निघण्यापूर्वी इथे काय काय करता येते आणि काय येत नाही; पुढच्या वेळी आजऱ्याहून रात्री फोन जाईल तेव्हा पलीकडे आजऱ्याची लेबर रूम पाहिलेले कुणीतरी असेल.